कांदळवनातील गोगलगायी आणि शिंपले : वाचकांचे प्रश्न

कांदळवनांविषयी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे या वेळी झाडांविषयी नसून, झाडांच्या मुळांवर, खोडांवर आणि खालच्या चिखलात राहणाऱ्या मृदुकाय प्राण्यांविषयी आहेत, याचा मला मनापासून आनंद झाला. कांदळवन म्हटले की पक्षी, खेकडे आणि मासे यांच्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. गोगलगायी आणि शिंपले मात्र संख्येने विपुल असूनही दुर्लक्षित राहतात. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : ओहोटीच्या वेळी कांदळवनात गेलो असता माणसाच्या उंचीपेक्षाही वर, पानांना आणि फांद्यांना लहान गोगलगायी चिकटलेल्या दिसल्या. हे प्राणी समुद्रातले समजायचे की जमिनीवरचे? आणि भर उन्हात ते वाळून कसे जात नाहीत?

उत्तर : आपण केलेल्या वर्णनावरून त्या लिटोरॅरिया या प्रजातीतील गोगलगायी असाव्यात. उष्ण कटिबंधातील बहुतेक सर्व कांदळवनांत या प्रजातीच्या कोणत्या ना कोणत्या जाती आढळतात. वंशाने आणि शरीररचनेने त्या समुद्रातल्याच आहेत. त्यांना कल्ले असतात आणि त्यांची पिल्ले आयुष्याचा पहिला काळ समुद्राच्या पाण्यात तरंगत काढतात. प्रौढ गोगलगाय मात्र आयुष्याचा मोठा भाग पाण्याबाहेर घालवते. भरतीच्या पाण्याबरोबर खेकडे आणि मासे आत येतात आणि कवच फोडून खाणाऱ्या या शत्रूंपासून दूर राहण्याचा सोपा मार्ग म्हणजे वर चढणे. शिवाय साल आणि पाने यांच्यावर वाढणारा शेवाळाचा व बुरशीचा पातळ थर हे तिचे अन्न आहे, त्यामुळे वर राहून तिची उपासमारही होत नाही.

उन्हाचा प्रश्न ती ज्या रीतीने सोडवते, ती रीत भिंगातून पाहण्यासारखी आहे. पान वा साल कोरडी पडू लागली की गोगलगाय आपल्या कवचाच्या तोंडाची कड पृष्ठभागाला टेकवते आणि तेथे श्लेष्माची, म्हणजे चिकट स्रावाची, एक बारीक रेघ सोडते. ही रेघ वाळून कडक होते आणि तेवढ्यावरच संपूर्ण कवच लटकून राहते. त्यानंतर ती आपला पाय पूर्णपणे आत ओढून घेते आणि पायावर असलेले शिंगासारखे झाकण तोंडाशी घट्ट लावून घेते. आता तापलेल्या पृष्ठभागाला तिच्या मऊ शरीराचा कोणताही भाग टेकलेला नसतो, त्यामुळे उष्णता आत शिरण्याचा मुख्य मार्ग बंद होतो आणि ओलावाही आत टिकून राहतो. या अवस्थेत शरीराचे व्यवहार अत्यंत मंद करून ती पुढच्या पावसापर्यंत, दवापर्यंत किंवा मोठ्या भरतीपर्यंत थांबू शकते.

समुद्राशी असलेले तिचे नाते वीण होताना पुन्हा उघड होते. या प्रजातीत नर आणि मादी वेगळे असतात. हाँगकाँगच्या कांदळवनातील जातींच्या अभ्यासात असे दिसले आहे की, नर मादीने मागे सोडलेल्या श्लेष्माच्या वाटेचा माग काढत तिच्यापर्यंत पोहोचतो. काही जाती अंडी थेट पाण्यात सोडतात. इतर जातींतील मादी मात्र अंडी आपल्या शरीरातच, कल्ल्यांच्या पोकळीत उबवते आणि डिंभ, म्हणजे पाण्यात तरंगणारी पिल्ले, तयार झाल्यावर मोठ्या भरतीच्या वेळी ते पाण्यात सोडते. अटलांटिकच्या किनाऱ्यांवरील लिटोरॅरिया अँग्युलिफेरा ही अशीच एक जाती आहे. झाडावर राहणाऱ्या प्राण्याला पाण्यापर्यंत फार वेळा जावे लागू नये, यासाठी ही सोय किती उपयोगी आहे हे सहज लक्षात येईल.

कांदळवनात जमिनीच्या बाजूने आलेल्या वाटेचे प्रवासीही आहेत. एलोबिडी कुलातील गोगलगायींमध्ये कल्ले नसतात. त्यांच्या प्रावाराची, म्हणजे कवचाच्या आतील मऊ आवरणाची, पोकळी रक्तवाहिन्यांनी भरलेली असून फुप्फुसाचे काम करते. ऑंकिडियम हा प्राणी तर प्रौढावस्थेत कवचाशिवायच असतो, चिखलाच्या रंगाच्या खडबडीत गोळ्यासारखा दिसतो आणि त्याच्या पाठीवरील उंचवट्यांवर साधे डोळे असतात. तेव्हा समुद्र की जमीन, या प्रश्नाचे उत्तर एकाच झाडावरील दोन शेजाऱ्यांच्या बाबतीत वेगवेगळे असू शकते.

प्रश्न : काही गोगलगायी भरतीचे पाणी पोहोचण्यापूर्वीच खोडावर चढतात, असे वाचले. हे खरे आहे का?

उत्तर : होय, हे खरे आहे, आणि याचा उत्तम अभ्यास आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सेरिथिडिया डेकोलाटा या जातीवर झालेला आहे. ही गोगलगाय ओहोटीच्या वेळी खाली उतरून चिखलावर चरते आणि पाणी तिच्यापर्यंत येण्याच्या पुष्कळ आधी परत खोडाकडे निघते. पाण्याचा स्पर्श झाल्यावर पळणे हा तिचा मार्ग नाही. गोगलगायीच्या वेगाने ते शक्यही झाले नसते. भरती-ओहोटीच्या तालाशी जुळलेले अंतर्गत घड्याळ तिच्यापाशी असते, असे केनियातील संशोधनातून दिसून आले आहे. फ्लोरिडा आणि कॅरिबियन परिसरातील मेलॅम्पस कॉफियस ही फुप्फुसाने श्वास घेणारी गोगलगायही भरतीच्या वेळी मुळांवर आणि खोडांवर चढून पाण्याबाहेर राहते.

प्रश्न : कांदळवनातील गोगलगायी गळलेली पाने खाऊन संपूर्ण समुद्राला अन्न पुरवतात, असे म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या काय खातात?

उत्तर : हे विधान अर्धे खरे आहे आणि उरलेल्या अर्ध्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण कांदळवनाविषयीच्या लोकप्रिय लेखनात ते वारंवार, पडताळणी न करता, येत असते.

पाने खाणाऱ्या गोगलगायी नक्कीच आहेत. टेरेब्रालिया पॅल्युस्ट्रिस ही त्यांतील सर्वांत ठळक जाती होय. पूर्व आफ्रिकेपासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत ती आढळते आणि तिचे निमुळते, जाड कवच १५ सेंटिमीटरहून अधिक लांब होऊ शकते. चिखलावर कांदळाचे पान पडले आणि एका गोगलगायीने ते कुरतडायला घेतले की आसपासच्या गोगलगायी गंधाच्या आधारे त्या दिशेने वळतात आणि थोड्याच वेळात एका पानाभोवती त्यांचा घोळका जमतो. केनियातील गाझी उपसागरात झालेल्या अभ्यासात, गळलेली पाने उचलण्यात खेकड्यांच्या बरोबरीने या गोगलगायींचाही मोठा वाटा असल्याचे आढळले. मात्र हे सर्व प्रौढांविषयी झाले. याच जातीची लहान पिल्ले पाने खात नाहीत. ती चिखलावरचा सूक्ष्म गाळ आणि शेवाळ खरवडतात. वाढत्या वयाबरोबर त्यांच्या दातेरी जिभेची, म्हणजे रॅड्युलाची, रचनाच बदलते आणि मग पानाचा चिवट भाग कापणे त्यांना शक्य होते. अमेरिकेच्या बाजूला, जेथे टेरेब्रालिया नाही, तेथे वर उल्लेखिलेली मेलॅम्पस कॉफियस पानांचे विघटन कित्येक पटींनी वेगवान करते.

आता दुसरी बाजू पाहू. कांदळाचे ताजे पान टॅनिन या तुरट द्रव्याने भरलेले आणि नायट्रोजनच्या दृष्टीने निकृष्ट असते. पाण्यात भिजून त्यातील टॅनिन निघून गेल्यावर आणि जिवाणू व बुरशी त्यावर वाढल्यावर ते काहीसे खाण्याजोगे होते, तरी ते उत्तम अन्न ठरत नाही. कोणता प्राणी नेमके काय पचवतो हे त्याच्या शरीरातील कार्बनच्या दोन स्थिर प्रकारांच्या, कार्बन-१२ आणि कार्बन-१३ यांच्या, प्रमाणावरून ओळखता येते, कारण कांदळाच्या पानांत हे प्रमाण वेगळे असते आणि चिखलावरील सूक्ष्म शेवाळात वेगळे असते. आंध्र प्रदेशातील गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा अभयारण्यात या पद्धतीने झालेले आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. तेथील बहुसंख्य अपृष्ठवंशी प्राण्यांच्या शरीरात कांदळाच्या पानांचा कार्बन अपेक्षेपेक्षा पुष्कळ कमी निघाला. त्यांचे पोषण मुख्यतः चिखलावरील सूक्ष्म शेवाळावर आणि पाण्यातील वनस्पतिप्लवकांवर, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींवर, होत होते.

याचा अर्थ झाडांचा उपयोग नाही असा मुळीच नाही. झाडाची सावली चिखल ओला ठेवते, मुळे पाण्याचा वेग कमी करून गाळ बसू देतात आणि त्या गाळावर शेवाळ वाढते. टेलिस्कोपियम टेलिस्कोपियम या मोठ्या, काळपट शंकूसारख्या गोगलगायीचे सारे जीवन या थरावर चालते. ती चरताना डोके चिखलात खुपसून ठेवते, त्यामुळे डोक्यावरच्या दोन डोळ्यांचा तिला त्या वेळी काहीच उपयोग नसतो. मात्र तिच्या प्रावाराच्या कडेला, पाणी आत घेणाऱ्या नळीपाशी, आणखी एक डोळा असतो. कांदळवनातील तिच्या इतर काही नातेवाइकांमध्येही असा तिसरा डोळा आढळतो.

प्रश्न : कांदळवनातील काळ्या चिखलाला कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो. ऑक्सिजन नसलेल्या त्या चिखलात शिंपले श्वास कसा घेतात?

उत्तर : तो वास हायड्रोजन सल्फाइडचा आहे. वरचा काही मिलिमीटरचा थर सोडला तर खालच्या चिखलात ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथील जिवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेटचा उपयोग करून सेंद्रिय पदार्थ कुजवतात आणि त्यातून हा विषारी वायू निर्माण होतो. अशा ठिकाणी राहण्याचे शिंपल्यांचे मार्ग एकमेकांपासून इतके भिन्न आहेत की, त्यांतील प्रत्येकावर स्वतंत्र लेख लिहिता येईल.

गेलॉयना या जाड कवचाच्या मोठ्या शिंपल्यापासून सुरुवात करतो. बहुतेक शिंपले पाणी गाळून अन्न मिळवतात, त्यामुळे दिवसातील बराच काळ पाण्याखाली असणाऱ्या खालच्या पट्ट्यातच त्यांचा निभाव लागतो. गेलॉयना मात्र कांदळवनाच्या जमिनीकडील कडेला राहते, जेथे पाणी केवळ उधाणाच्या भरतीला पोहोचते. पाणी नसताना ती कवचाची कड किंचित उघडी ठेवून प्रावाराच्या ओलसर कडेतून थेट हवेतील ऑक्सिजन घेऊ शकते. फारच कोरड पडली तर कवच घट्ट मिटून, साठवलेल्या ग्लायकोजेन या कर्बोदकावर, ऑक्सिजनशिवाय चालणाऱ्या मंद चयापचयाच्या आधारे दिवस काढते. या चयापचयात आम्ले तयार होतात आणि ती निष्प्रभ करण्यासाठी शिंपले आपल्याच कवचाच्या आतील बाजूचा थोडा चुना विरघळवतात.

ल्युसिनिडी कुलातील शिंपल्यांनी विषालाच अन्न केले आहे. ॲनोडोंशिया एडेंट्युला हा पांढरा, गोलसर शिंपला चिखलात खोल राहतो. त्याच्या कल्ल्यांच्या पेशींमध्ये असे जिवाणू राहतात की, जे सल्फाइडचे ऑक्सिडीकरण करून मिळालेल्या ऊर्जेवर कार्बन डायऑक्साइडपासून सेंद्रिय पदार्थ तयार करतात. शिंपला आपल्या लांब पायाने चिखलात नळी करून वरून ऑक्सिजनयुक्त पाणी आणतो, सभोवतालच्या चिखलातून सल्फाइड मिळवतो आणि दोन्ही जिवाणूंपर्यंत पोहोचवतो. त्याच्या पोषणाचा मोठा भाग हे जिवाणूच भागवतात. सूर्यप्रकाशावाचून चालणारी ही शेती आपल्या पायाखालच्या चिखलात असते आणि वरून तिचा मागमूसही लागत नाही.

कांदळवनासमोरील उघड्या चिखलपट्टीवर राहणारा टेजिलार्का ग्रॅनोसा हा जाड फासळ्यांचा शिंपला उघडला तर त्यातील द्रव लाल दिसतो. बहुतेक शिंपल्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारे रंगद्रव्य नसते. याच्या रक्तपेशींमध्ये मात्र हिमोग्लोबिन असते आणि ऑक्सिजन तुटपुंजा असतानाही त्याचे काम भागते.

प्रश्न : मुळांवर कालवांचे जाड थर बसलेले असतात. त्यामुळे झाडाला इजा होते का?

उत्तर : मोठ्या झाडाला सहसा होत नाही. कांदळाच्या आधारमुळांवर हवा आत घेणारी छिद्रे असतात आणि त्यांपैकी पुरेशी छिद्रे कालवांच्या थराच्या वर, मोकळ्या भागात राहतात. कोवळ्या रोपांची गोष्ट वेगळी आहे. बार्नॅकल हे चिकटून राहणारे कवचधारी प्राणी आणि कालवे यांच्या वजनाने रोपे वाकतात, मोडतात आणि मरतात. येथे एका विलक्षण शेजाऱ्याचा उल्लेख करावासा वाटतो. कालव एकदा चिकटले की जन्मभर तेथेच राहते, पण आग्नेय आशियातील कांदळवनांत एनिग्मोनिया एनिग्मॅटिका हा पातळ, अर्धपारदर्शक शिंपला आढळतो, जो खोडांवर आणि पानांवर पायाच्या साहाय्याने सरकत जागा बदलू शकतो.

प्रश्न : पडलेल्या ओंडक्यांना आरपार भोके पडलेली असतात. ही कीड कांदळवन नष्ट करते का?

उत्तर : ही भोके पाडणारा प्राणी कीटक नाही आणि कृमीही नाही, तो शिंपलाच आहे. टेरेडिनिडी कुलातील या प्राण्यांना जहाजकिडा म्हणतात, कारण लाकडी जहाजांचे त्यांनी शतकानुशतके अतोनात नुकसान केले. शरीर लांब आणि उघडे असते. दोन्ही शिंपा आकाराने अगदी लहान होऊन पुढच्या टोकाला राहिलेल्या असतात आणि त्यांच्या दातेरी पृष्ठभागाने तो लाकूड खरवडत पुढे जातो. मागचे टोक बिळाच्या तोंडाशीच राहते. तेथून दोन नळ्या पाण्यात बाहेर येतात आणि ओहोटी लागली की त्या आत ओढून, दोन लहान चुनखडी पट्ट्यांनी तो बीळ बंद करतो. एका ओंडक्यात दाटीने बिळे असली, तरी प्रत्येक जण शेजाऱ्याच्या बिळाला छेद न देता वळण घेतो. ओंडका कापून पाहिला की चुन्याचे अस्तर असलेले हे बोगदे स्पष्ट दिसतात.

लाकूड पचवणे प्राण्यांना अवघड जाते. जहाजकिड्याच्या कल्ल्यांमधील जिवाणू लाकडातील सेल्युलोज तोडणारी विकरे (एन्झाइम) पुरवतात, आणि लाकडात नायट्रोजन फारच कमी असल्यामुळे पाण्यात विरघळलेल्या नायट्रोजनचे स्थिरीकरणही करतात, म्हणजे तो शरीराला वापरता येईल अशा रूपात आणतात. अशा एका जिवाणूला टेरेडिनिबॅक्टर टर्नेरी हे नाव देऊन, जहाजकिड्यांच्या अभ्यासाला आयुष्य वाहिलेल्या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ रूथ टर्नर यांचा गौरव करण्यात आला आहे.

आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, कांदळवनात हे प्राणी मुख्यतः मेलेल्या लाकडावर जगतात. खालच्या, वारंवार बुडणाऱ्या पट्ट्यात पडलेल्या खोडांचे विघटन प्रामुख्याने तेच करतात. ते नसते तर लाकडात अडकलेले द्रव्य परिसंस्थेत परतायला फार अधिक काळ लागला असता. शिवाय त्यांनी पोखरून सोडलेल्या बोगद्यांत लहान मासे, खेकडे आणि इतर प्राणी आसरा घेतात, कारण ओहोटीच्या वेळीही तेथे ओलावा आणि गारवा टिकतो. म्हणून स्वच्छतेच्या नावाखाली कांदळवनातील पडलेले ओंडके उचलून नेणे मला चुकीचे वाटते.

प्रश्न : या शंखांची टोके झिजलेली का दिसतात? ते फार जुने असतात का?

उत्तर : वयाचा थोडा संबंध आहे, कारण टोक हा कवचाचा सर्वांत जुना भाग असतो. मुख्य कारण मात्र आम्लता हे आहे. कुजणाऱ्या पानांमुळे चिखलातील पाणी आम्लधर्मी होते आणि चुनखडीचे कवच त्यात हळूहळू विरघळते. वरचा तपकिरी सेंद्रिय थर घासून गेला की ही झीज वेगाने होते. गेलॉयनाच्या बिजागरीजवळचा भाग म्हणूनच नेहमी पांढरट आणि खड्डे पडलेला दिसतो. सेरिथिडिया डेकोलाटाची प्रौढ गोगलगाय तर कवचाचे टोक गमावते आणि उघडा पडलेला भाग आतून चुन्याच्या पडद्याने बंद करून घेते.

प्रश्न : नव्याने लावलेल्या कांदळवनात हे प्राणी परत येतात का?

उत्तर : काही येतात, काही लवकर येत नाहीत. ज्यांचे डिंभ पाण्यात तरंगतात ते भरतीबरोबर आपोआप पोहोचतात आणि योग्य चिखल मिळाला की स्थिरावतात. जहाजकिड्यांना आणि ओंडक्यांत राहणाऱ्यांना मात्र मेलेले जाड लाकूड हवे असते आणि ते तरुण लागवडीत असूच शकत नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट जागेच्या निवडीची आहे. अनेक ठिकाणी रोपे कांदळवनाच्या मूळ जागी न लावता, समोरच्या उघड्या चिखलपट्टीवर लावली जातात, कारण ती जागा मोकळी आणि मालकीच्या वादांपासून मुक्त असते. फिलिपीन्समधील लागवडींचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला आढावा या बाबतीत डोळे उघडणारा आहे : मोठा खर्च होऊनही दीर्घकाळ जगलेल्या रोपांचे प्रमाण साधारण १० ते २० टक्केच होते आणि चुकीची जात व चुकीची जागा ही त्यामागची मुख्य कारणे होती. चिखलपट्टी ही रिकामी जमीन नव्हे. तेथे टेजिलार्का आणि इतर शिंपल्यांच्या दाट वसाहती असतात आणि ओहोटीला पाणपक्षी त्यांच्यावर उदरनिर्वाह करतात. लागवडीच्या आराखड्यात आधी त्या जागेच्या मृदुकाय प्राण्यांची पाहणी करण्याची अट असावी, असे माझे ठाम मत आहे. मत्स्यतळ्यांसाठी तोडलेली आणि नंतर सोडून दिलेली जागा असेल, तर बांध फोडून भरती-ओहोटीचे पाणी पूर्ववत खेळते केल्यास रोपे आणि प्राणी दोन्ही पुष्कळदा स्वतःहून परततात.

प्रश्न : मुलांना दाखवण्यासाठी झाडावरच्या गोगलगायी काढून पाहिल्या तर चालेल का?

उत्तर : दुपारी, कोरड्या वेळी काढू नयेत. श्लेष्माची वाळलेली रेघ तुटली की गोगलगाय खाली पडते, आणि पुन्हा वर जाऊन नवी रेघ तयार करण्यासाठी तिला जपून ठेवलेला ओलावा खर्च करावा लागतो. उन्हात हे तिच्या जिवावर बेतू शकते. पाऊस पडून गेल्यावर किंवा संध्याकाळी हवा दमट असताना जावे. त्या वेळी त्या स्वतःच बाहेर आलेल्या असतात, सालीवर चरत असतात, आणि साध्या भिंगातून त्यांचे स्पर्शक, डोळे आणि खरवडणारे तोंड मुलांना हात न लावता पाहता येते.